पुरलेलं लोखंड शोधताना: चुंबकीय सर्वेक्षण आणि खोलीचा अंदाज, टप्प्याटप्प्याने

अहवालात लिहिलेलं असतं, ‘पिंपाची खोली १.४ मीटर’. खणायला सुरुवात होते आणि ६० सेंटिमीटरवरच पहार पत्र्यावर ठणकन आपटते. सूत्र बरोबर, गणितही बरोबर. पण ते १.४ मीटर म्हणजे सेन्सरपासून वस्तूच्या मध्यापर्यंतचं अंतर होतं. त्यातून सेन्सरची जमिनीपासूनची ५० सेंटिमीटर उंची वजा केली नाही, आणि आडव्या पिंपाची जवळजवळ ३० सेंटिमीटरची त्रिज्याही विसरली. खाली स्फोटक असतं किंवा गॅसची वाहिनी असती, तर त्या ८० सेंटिमीटरची किंमत कुणाला मोजावी लागली असती?

पुन्हापुन्हा होणाऱ्या अशा चुका टाळण्यासाठी हा लेख आहे. टप्प्यांचा क्रम बदलू नका. खोली चुकते ती सहसा शेवटच्या गणितात नाही, त्याच्या कितीतरी आधी.

## टप्पा १: वस्तू मुळात दिसणारी आहे का?

मॅग्नेटोमीटरला, म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या उपकरणाला, धातू दिसत नाही, चुंबकत्व दिसतं. लोखंड, पोलाद, ओतीव लोखंड दिसतं. सोनं, चांदी, तांबं, पितळ, शिसं, अ‍ॅल्युमिनियम दिसत नाही. स्टेनलेस स्टीलचे बरेचसे प्रकारही जवळजवळ दिसत नाहीत. प्लॅस्टिकच्या वाहिन्या तर नाहीतच. उलट भट्टी, भाजलेल्या विटा, जळलेली माती आणि बेसाल्टसारखा खडक दिसतो, आणि तो नको तेव्हाही दिसतो.

सावधान: ‘चुंबकीय सर्वेक्षणात काही आढळलं नाही’ याचा अर्थ ‘खाली काही नाही’ असा लिहू नका. ‘अमुक वजनाच्या वर आणि अमुक खोलीच्या आत लोखंडी वस्तू आढळली नाही’ एवढंच लिहिता येतं.

## टप्पा २: निघण्यापूर्वी कागदावर अंदाज

ही पाच मिनिटं बहुतेक जण वाचवतात आणि मग दोन दिवस घालवतात. एकसंध, म्हणजे लांब वाहिनी नव्हे तर पिंप-पेटीसारख्या, लोखंडी वस्तूचा परिणाम अंतराच्या घनाने घटतो: अंतर दुप्पट केलं की विसंगती, म्हणजे वस्तूमुळे पृथ्वीच्या क्षेत्रात पडणारा फरक, आठपट लहान होते. ढोबळ अंदाजासाठी हॉलचं सूत्र पुरतं:

विसंगती (नॅनोटेस्ला, हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) = १० × (लांबी ÷ रुंदी) × वजन (किलो) ÷ अंतर (मीटर) चा घन

गोलसर आकाराचं एक किलो लोखंड १ मीटरवरून १० नॅनोटेस्ला देतं, २ मीटरवरून सव्वा, आणि ३ मीटरवरून जेमतेम ०.४. एक टन लोखंड १० मीटरवरून पुन्हा १०. हे आकडे प्रत्यक्षात काही पटींनी कमीजास्त होतात, कारण प्रत्येक लोखंडी वस्तूत आपलं स्वतःचं कायम चुंबकत्वही असतं आणि ते या सूत्रात धरलेलं नाही. तरी काम घ्यावं की नाही, हे ठरवायला एवढं पुरेसं आहे.

तपासणी: अंदाजी विसंगती जागेवरच्या गोंगाटाच्या, म्हणजे वस्तू नसतानाही वाचनांत होणाऱ्या चढउताराच्या, किमान तीन ते पाच पट यायला हवी. गोंगाट २ नॅनोटेस्ला आणि अपेक्षित विसंगती ३, असं असेल तर या पद्धतीने ते काम घेऊ नका.

## टप्पा ३: कोणतं उपकरण?

प्रोटॉन मॅग्नेटोमीटर साधा, भरवशाचा आणि संथ. दर वाचनाला थांबावं लागतं. त्याची एक खोड ओळखून ठेवा: अगदी जवळ मोठं लोखंड असलं की त्याचा संकेत कोसळतो आणि वाचनं वेडीवाकडी उड्या मारतात. त्यांना बिघाड समजून खोडू नका, ती जागा नोंदवा.

सीझियम वाष्पाचा मॅग्नेटोमीटर चालता चालता सेकंदाला दहा किंवा त्याहून जास्त वाचनं घेतो. पण पृथ्वीच्या क्षेत्राच्या दिशेशी सेन्सरचा अक्ष विशिष्ट कोनात आला की तो आंधळा होतो. त्या जागी सेन्सर किती तिरका बांधायचा, हे उपकरणाच्या पुस्तिकेत पाहूनच निघा.

फ्लक्सगेट ग्रॅडिओमीटरमध्ये एकावर एक दोन सेन्सर असतात आणि तो त्यांच्यातला फरक मोजतो. दिवसभरात पृथ्वीचं क्षेत्र बदलतं ते आपोआप वजा होतं, म्हणून उथळ वस्तूंसाठी तो उत्तम. मात्र फरकाचा परिणाम अंतराच्या चौथ्या घाताने घटतो, त्यामुळे खोलवरचं त्याला दिसत नाही.

तपासणी: पृथ्वीचं एकूण क्षेत्र जागेनुसार साधारण २५,००० ते ६५,००० नॅनोटेस्लाच्या दरम्यान असतं. दर पाच वर्षांनी अद्ययावत होणाऱ्या आंतरराष्ट्रीय संदर्भ प्रारूपातून आपल्या जागेचं क्षेत्र आणि नती, म्हणजे चुंबकीय रेषांचा जमिनीशी होणारा कोन, काढून वहीत लिहा. पहिलंच वाचन त्यापासून हजारो नॅनोटेस्ला दूर असेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ४: आधी माणूस स्वच्छ करा

अंगावरचं लोखंड हे सगळ्यात सामान्य आणि सगळ्यात टाळता येण्याजोगं कारण आहे. किल्ल्या, मोबाइल, पट्ट्याचं बक्कल, घड्याळ, चष्म्याची दांडी, पुढे पोलादी टोपी असलेले बूट, पँटची चेन, पेनची स्प्रिंग. मोबाइल ‘फ्लाइट मोड’वर टाकून खिशात ठेवला तरी त्याच्या स्पीकरमधलं चुंबक तिथेच असतं.

‘माझ्याकडे काही नाही’ या शब्दावर जाऊ नका, तपासा. लोखंड नसलेल्या मोकळ्या जागी एक खूण करा. सेन्सर बरोबर त्या खुणेवर, त्याच उंचीवर धरून उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम अशी तोंडं करत चार वाचनं घ्या. चारही १ ते २ नॅनोटेस्लाच्या आत जुळली तर माणूस स्वच्छ. फरक ८ किंवा १० आला तर कुठेतरी काहीतरी आहे. एकदा सगळं काढूनही फरक जाईना, तेव्हा शेवटी टोपीच्या मागच्या पट्टीतली इवलीशी पोलादी कडी सापडली होती. टोपी डोक्यावर, सेन्सर डोक्याच्या उंचीला, मग दुसरं काय होणार!

गाडीचंही तेच. हॉलच्या सूत्राने एक टनाची गाडी १० मीटरवरून १०, २० मीटरवरून सव्वा आणि ३० मीटरवरून सुमारे ०.४ नॅनोटेस्ला देते. गाडी ३० मीटरच्या आत लावू नका, आणि काम चालू असताना हलवू तर मुळीच नका. जागच्या जागी उभ्या गाडीचा परिणाम नकाशात ओळखता येतो, हलत्या गाडीचा नाही.

## टप्पा ५: बेस स्टेशन

पृथ्वीचं क्षेत्र दिवसभर हलत असतं. शांत दिवशी हा बदल साधारण काही दहा नॅनोटेस्लांचा, चुंबकीय विषुववृत्ताजवळ त्याहून मोठा, आणि चुंबकीय वादळात शेकड्यांत जातो. सकाळी एक कडा आणि दुपारी दुसरी मोजली, तर मध्ये काही नसतानाही नकाशात उतार दिसतो.

म्हणून एकूण क्षेत्र मोजत असाल तर दुसरा मॅग्नेटोमीटर एका जागी उभा हवाच. जागा रस्ता, कुंपण आणि वीजवाहिन्यांपासून दूर निवडा. काही सेकंदांनी एक वाचन पुरतं. नंतरची दुरुस्ती सोपी आहे: प्रत्येक वाचनातून, त्याच क्षणी बेसवर झालेला बदल वजा करायचा.

सावधान: दोन्ही उपकरणांची घड्याळं जुळवा. एक स्थानिक वेळेवर आणि दुसरं जागतिक वेळेवर राहिलं, तर दुरुस्ती केल्यावर डेटा आधीपेक्षा बिघडतो, आणि तो बिघाड खऱ्या विसंगतीसारखाच दिसतो. चुंबकीय वादळाच्या दिवशी काम थांबवा. बेसवर पाच मिनिटांत दहा-वीस नॅनोटेस्लांच्या उड्या दिसू लागल्या की सामान आवरायचं.

## टप्पा ६: रेषा आखणं

द्विध्रुवासारख्या, म्हणजे दोन ध्रुवांच्या छोट्या चुंबकासारख्या, वस्तूची विसंगती शिखराच्या अर्ध्या उंचीवर जेवढी रुंद असते, ती रुंदी सेन्सर ते वस्तूच्या मध्यापर्यंतच्या अंतराएवढी असते (नती जवळजवळ उभी असेल तेव्हा). यातूनच रेषांमधलं अंतर ठरतं. सर्वांत उथळ वस्तू सेन्सरपासून १ मीटरवर अपेक्षित असेल आणि रेषा २ मीटरवर आखल्या, तर ती दोन रेषांच्या मधून बिनबोभाट निसटेल.

- रेषांमधलं अंतर: अपेक्षित सर्वांत कमी अंतराच्या निम्मं. फार तर त्या पूर्ण अंतराएवढं, त्याहून जास्त कधीच नाही.
- रेषेवरची वाचनं: त्याहूनही दाट. एका विसंगतीवर किमान सात-आठ बिंदू पडले पाहिजेत.
- दिशा: एकट्या वस्तूंसाठी चुंबकीय उत्तर-दक्षिण, कारण शिखर आणि दरी याच दिशेत पसरतात. वाहिनी शोधत असाल तर तिला आडव्या रेषा.
- कडा: शोधायच्या क्षेत्राच्या बाहेर काही मीटर जा. पार्श्वभूमी तिथेच कळते.

## टप्पा ७: मोजणी

सेन्सरची उंची एकदा ठरवा, टेपने मोजा, वहीत लिहा आणि दिवसभर तीच ठेवा. थकल्यावर हात खाली येतो. १ मीटर अंतरावरच्या वस्तूसाठी सेन्सर १० सेंटिमीटर खाली आला तर विसंगती जवळजवळ ३७ टक्क्यांनी वाढते. म्हणून दांडी खांद्याच्या पट्ट्याला बांधा, किंवा लाकडी गाडा वापरा.

काम सुरू करण्यापूर्वी एक ओळखीची वस्तू, समजा तीन-चार किलोचा लोखंडी तुकडा, मोजून घेतलेल्या अंतरावर ठेवून त्यावरून एक रेषा चाला. त्या रेषेवरून काढलेलं अंतर टेपच्या अंतराशी जुळलं पाहिजे. नाही जुळलं तर चूक शोधायला हीच सर्वांत स्वस्त वेळ आहे.

चालताना दिसणारं सगळं लिहा: कुंपण कुठे, झाकण कुठे, जमिनीवर पडलेला खिळा कुठे. दुपारनंतर त्यातलं काहीच आठवत नाही. दिवस संपताना सकाळची पहिली रेषा पुन्हा चाला. दोन्हींतला फरक हाच तुमचा खरा गोंगाट. उपकरणाच्या माहितीपत्रकात छापलेला आकडा नाही.

## टप्पा ८: डेटा साफ करण्याचा क्रम

१. मूळ फाइल जशीच्या तशी जपून ठेवा.

२. चाललेल्या वाटा नकाशावर काढून बघा. रेषा एकमेकींना छेदत असतील तर स्थाननिश्चितीत गडबड आहे.

३. एकेकट्या उड्या काढा, पण प्रत्येक उडी वहीशी ताडूनच.

४. सेन्सर आणि जीपीएस अँटेना यांतलं अंतर आणि वेळेचा फरक दुरुस्त करा. जाताना-येताना आळीपाळीने चाललेल्या रेषांवर विसंगती करवतीच्या दात्यांसारखी पुढेमागे सरकलेली दिसली, तर ही दुरुस्ती राहिली आहे.

५. बेस स्टेशनची दुरुस्ती करा.

६. पार्श्वभूमीचा हळुवार उतार वजा करा.

७. मगच ग्रिड करा, म्हणजे रेषांवरची वाचनं चौकोनांच्या जाळ्यावर पसरवा. चौकोनाचा आकार रेषांमधल्या अंतराच्या पाव ते पाचव्या भागाइतका ठेवा. त्याहून बारीक केलं तर रेषांवर मण्यांची माळ दिसते, आणि त्या मण्यांना लोक वस्तू समजतात.

सावधान: नकाशा सुबक दिसावा म्हणून गुळगुळीत करणारा फिल्टर लावला की विसंगती पसरते. रुंद विसंगती म्हणजे गणितात जास्त खोली. फिल्टर केलेला नकाशा फक्त बघायला ठेवा, खोली कायम मूळ रेषेवरून काढा.

## टप्पा ९: आकार वाचणं

‘शिखराच्या खालीच वस्तू’ ही दुसरी मोठी चूक. विसंगतीचा आकार नतीवर अवलंबून असतो. कायम चुंबकत्व नगण्य धरलं तर असं दिसतं:

चुंबकीय ध्रुवांजवळ शिखर वस्तूच्या बरोबर वर असतं. मध्यम नतीच्या उत्तर गोलार्धात शिखर दक्षिणेला आणि दरी उत्तरेला सरकते. वस्तू दोहोंच्या मध्ये, शिखराच्या जास्त जवळ. दक्षिण गोलार्धात हेच उलटं. आणि चुंबकीय विषुववृत्तावर वस्तूच्या बरोबर वर शिखर नसतंच, तिथे दरी असते, उत्तर-दक्षिणेला दोन छोटी शिखरं, प्रत्येक दरीच्या साधारण पाचव्या भागाएवढं. तिथे नकाशावरचा सर्वांत लाल ठिपका खणणारा माणूस हमखास रिकाम्या जागी खणतो.

लोखंडाचं कायम चुंबकत्व हे चित्र फिरवू शकतं. शिखर-दरीची जोडी पूर्व-पश्चिम पडलेली दिसली, तर ते याचंच लक्षण. पोलादी वाहिनीत प्रत्येक जोडतुकड्याचं चुंबकत्व वेगळं असतं, म्हणून तिच्यावर धन आणि ऋण ठिपक्यांची आलटून-पालटून रांग उमटते. ही रांग इतकी ओळखीची आहे की एकदा पाहिली की विसरत नाही.

जागा नक्की करायला विश्लेषण संकेत काढावा: तिन्ही दिशांतल्या उतारांच्या वर्गांची बेरीज करून तिचं वर्गमूळ. त्याचं शिखर वस्तूच्या वर, निदान खूप जवळ, येतं आणि नतीचा त्रास कमी होतो. विसंगती ध्रुवावर असल्यासारखी बदलून घेण्याची पद्धतही चालते, पण नती २० अंशांपेक्षा कमी असेल तर ती गोंगाटच फुगवते आणि नकाशावर उत्तर-दक्षिण पट्टे उठतात.

## टप्पा १०: खोली, दोन स्वतंत्र मार्गांनी

### पहिला मार्ग: अर्धरुंदी

पार्श्वभूमीपासून शिखराची उंची मोजा. तिच्या निम्म्यावर आडवी रेघ मारा. शिखराच्या मध्यापासून त्या रेघेच्या छेदापर्यंतचं अंतर म्हणजे अर्धरुंदी. नती जवळजवळ उभी असेल तर अंतर असं:

- एकसंध वस्तू (पिंप, पेटी, गोळा): अर्धरुंदी × २
- आडवी लांब वाहिनी, रेषा तिला आडवी: अर्धरुंदी × २.०६
- उभी खोल नळी, जसं विहिरीचं आवरण: अर्धरुंदी × १.३, आणि हे अंतर नळीच्या वरच्या टोकापर्यंतचं

चुंबकीय विषुववृत्तावर एकसंध वस्तूसाठी दरीची अर्धरुंदी घ्या: उत्तर-दक्षिण रेषेवर × २.६, पूर्व-पश्चिम रेषेवर × १.३. दोन्ही उत्तरं जुळली तर वस्तू एकसंध असल्याची ती चांगली खूण. मधल्या नतीला हे गुणक थेट लावू नका, तिथे दुसरा मार्ग धरा.

सावधान: ग्रॅडिओमीटरच्या विसंगतीला हे गुणक लागू नाहीत. ती मुळातच अरुंद असते, त्यामुळे उत्तर खऱ्यापेक्षा उथळ येतं.

### दुसरा मार्ग: दोन उंची

मला हा सर्वांत भरवशाचा वाटतो, कारण नती कितीही असली तरी तो चालतो. तीच रेषा सेन्सर दोन वेगळ्या उंचींवर ठेवून चालायची आणि दोन्ही वेळा शिखर ते दरी हा पूर्ण फरक मोजायचा. फरक घेतल्यामुळे पार्श्वभूमीचा स्थिर भाग आपोआप गळतो. दोन्ही उंचींवर आपापलं शिखर आणि दरी शोधा, पहिल्या वेळच्या जागा दुसऱ्या वेळी धरू नका. उंची वाढली की शिखर आणि दरी एकमेकांपासून दूर सरकतात.

सेन्सर ०.५ मीटरवर असताना फरक २१६ नॅनोटेस्ला, आणि १.५ मीटरवर ६४. गुणोत्तर ३.३७५, त्याचं घनमूळ १.५. खालच्या सेन्सरपासूनचं अंतर = दोन उंचींमधलं अंतर ÷ (घनमूळ − १) = १ ÷ ०.५ = २ मीटर. सेन्सरची उंची ०.५ मीटर वजा केल्यावर वस्तूचा मध्य जमिनीखाली १.५ मीटर.

आता हीच वस्तू लांब वाहिनी निघाली, तर परिणाम घनाने न घटता वर्गाने घटतो, म्हणून वर्गमूळ घ्यावं लागतं: १.८४. अंतर १.१९ मीटर, खोली ०.६९. मोजमाप तेच, खोली निम्म्याहून कमी! वस्तूचा आकार आधी ठरवा असं बजावतो ते यासाठी. ऑयलरची पद्धत, म्हणजे विसंगतीच्या उतारांवरून संगणकाने खोली काढणं, वापरणाऱ्यांचीही हीच कसोटी: रचना-निर्देशांक, म्हणजे परिणाम अंतराच्या कितव्या घाताने घटतो तो आकडा, एकसंध वस्तूला ३, वाहिनीला २. चुकून लहान निर्देशांक दिला की खोली कमी येते.

आणि पार्श्वभूमीबद्दल. वरच्या उदाहरणात २१६ आणि ६४ हे आकडे फक्त शिखराचे धरले, आणि पार्श्वभूमीचे १० नॅनोटेस्ला चुकून दोन्हींत राहिले, तर २२६ आणि ७४ होतात. अंतर २.२२ मीटर येतं, म्हणजे १० नॅनोटेस्लांच्या निष्काळजीपणाने २२ सेंटिमीटरची चूक.

## टप्पा ११: ताळा

आलेलं अंतर हॉलच्या सूत्रात उलटं घालून वजन काढा. २ मीटरवरून २१६ नॅनोटेस्ला म्हणजे गोलसर वस्तूचं सुमारे १७० किलो लोखंड. हीच विसंगती ६ मीटरवरून आली असं गणित म्हणत असेल, तर खाली साडेचार टनांहून जास्त लोखंड असायला हवं. शोधत होतात एक पिंप, तर हे उत्तर चूक. बहुधा रुंदी मोजताना शेजारची दुसरी वस्तू मिसळली असावी.

दोन्ही मार्गांची उत्तरं २० टक्क्यांच्या आत जुळली तर समाधान माना. अहवालात मध्याची खोली आणि वरच्या पृष्ठाची अंदाजी खोली वेगवेगळी लिहा, आणि कधीही एकच आकडा देऊ नका. ‘१.३ ते १.७ मीटर’ हे ‘१.५२ मीटर’पेक्षा खरं आहे.

## टप्पा १२: खणण्यापूर्वी आणि नंतर

जागेवर पुरलेला दारूगोळा असण्याची थोडीही शक्यता असेल तर खणू नका, सळई खुपसू नका. खूण करा, माणसं दूर न्या, अधिकाऱ्यांना कळवा. वाहिन्या असतील तर ज्यांच्या त्या आहेत त्यांच्याकडून नकाशे मिळेपर्यंत थांबा. तांब्याची केबल तुमच्या उपकरणाला दिसलेली नाही, हे लक्षात असू द्या.

खणताना वरच्या पृष्ठाच्या खोलीच्या बऱ्याच आधी यंत्र थांबवून हाताने माती काढा. वस्तू लागली की तिचा मध्य, वरची बाजू, लांबी आणि दिशा टेपने मोजून अंदाजाशेजारी लिहा.

वस्तू बाहेर काढून निदान तीस मीटर दूर ठेवली की रिकाम्या खड्ड्यावरून सेन्सर त्याच उंचीवर, त्याच रेषेत पुन्हा फिरवा. विसंगती पूर्ण गेली असेल तर खड्डा बुजवा. थोडी जरी शिल्लक असेल तर खाली किंवा बाजूला अजून काहीतरी आहे. खड्डा उघडाच ठेवा आणि टप्पा ९ पासून पुन्हा सुरू करा.